दत्तूभाऊंचा टोस्टचा डबा

आमच्या माधवगंजच्या गल्लीत कुणी सकाळी आठच्या आत लसणाची फोडणी घातली, की दत्तूभाऊ खिडकीखाली हजर. "वहिनी, गॅस बंद! गल्लीत दोन जिवांची बाई आहे."

मुलांनो, हे आपले शेजारी. सत्तरी ओलांडलेले, एकटे. जन्मभर मोजणी खात्यात नकाशे काढले. पण कुठल्या सुनेला मळमळतंय, हे त्यांना सासूच्या आधी कळतं.

मध्यंतरी तुमच्या नेहामामीला दिवस गेले. सकाळी काही पोटात ठरेना. "आई, मुझसे नहीं होगा," म्हणून रडू लागली. मी सहज म्हणाले, "अगं, सगळ्यांनाच होतं."

दारातून आवाज आला, "एवढं वाक्य सोडून काहीही बोला, वहिनी!" दत्तूभाऊ स्टीलचा डबा घेऊन उभे होते.

डब्यात टोस्ट. तो नेहाच्या उशाशी ठेवला. "बेटा, पाय जमिनीला लागायच्या आधी दोन तुकडे. मग वीस मिनिटं नुसतं पडायचं. घाई आहे कसली?" पुढे सूचना: दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं, वास नको म्हणून भात गार करून, आल्याचा तुकडा चोखायचा, लिंबाची साल हुंगायची. "आणि पाणीसुद्धा ठरेना झालं, तर मला विचारायचं नाही. सीधे डॉक्टर!"

पाचव्या दिवशी पाहिलं, तर नेहा पडल्या पडल्या सावकाश टोस्ट चावत होती. खिडकीत कोवळं ऊन, खोलीभर लिंबाचा वास, आणि गल्ली इतकी शांत, जणू तीही अजून अंथरुणातच होती.

काल तिच्यासाठी नवा डबा आणला आणि त्यांचा घासूनपुसून परत द्यायला गेले. बुडाशी नाव कोरलेलं दिसलं: सौ. सुमन.

"मी रोज तिला तेच म्हणायचो," दत्तूभाऊ म्हणाले. "सगळ्यांनाच होतं. आणि मला लसणाची फोडणी लागायची, सकाळी सातला. ते मूल राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, उलट्यांचा त्याच्याशी संबंध नाही. नसेल. पण ती मोरीत एकटी बसायची, ते तर खरं ना? टोस्टचं मला फार उशिरा कळलं. लगेच डबा आणला, तिचं नाव घालून. पण तिला पुन्हा दिवस गेलेच नाहीत, डबा लागलाच नाही."

त्यांनी डबा पुसला, ताजे टोस्ट भरले आणि पलंगावरच्या दुसऱ्या उशीपाशी ठेवला.