तळहात खाली राहिला

व्यायामशाळेच्या प्रशिक्षकाची परीक्षा उद्यावर आली आणि सूनबाईच्या डोक्यात सांध्यांचा नुसता गुंता झाला. गुडघा दाराच्या बिजागरीसारखा, एकाच दिशेने उघडझाप करणारा, एवढं पाठ होतं. गाडी अडायची ती खांद्यापाशी. तो मेला चहूकडे फिरतो! शेवटी तिने सासऱ्यांनाच हॉलमध्ये उभं केलं.

"अगं, चाळीस वर्षं लोकांच्या बाह्या शिवल्यात. खांदा मला शिकवतेस?" सासरे खुशीत म्हणाले. शिंपीकाम सोडलं तरी रुबाब सुटला नव्हता.

"बाबा, फक्त हात बाजूने वर न्या."

त्यांनी नेला. तळहात खाली, झोकात. खांद्याच्या जरा वर गेला आणि कट्‌कन वाजलं.

"बास, सोड आता."

"मी धरलाच नाहीये, बाबा!"

हात ना वर जाईना, ना खाली येईना. प्रशिक्षक व्हायच्या आधीच घरचा माणूस मोडला! कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे न्यायला ती त्यांना धरून जिना उतरली.

खाली इमारतीची सभा चालली होती. तासभर एकच प्रश्न: नवा अध्यक्ष कोण? गळकी टाकी आणि बंद लिफ्ट कोण गळ्यात घेणार? सगळे आपापल्या चपलांकडे बघत बसलेले.

"कुणी तयार असेल तर हात वर करा," सचिव काकुळतीने म्हणाले, आणि जिन्याकडे बघतात तो काय!

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अहो, हा हात माझा नाही. म्हणजे माझाच आहे, पण..."

"बिनविरोध!"

"बाबा, हात खाली घ्या ना!"

"घेता आला असता तर घेतला नसता का?"

त्या गोंधळात तिला पुस्तकातलं पान लख्ख दिसलं. तळहात खाली राहिला की दंडाचं हाड वरच्या हाडाला अडतं. तिने त्यांच्या कोपराला खालून आधार दिला, तळहात हळूच आभाळाकडे वळवला. "श्वास सोडा, बाबा. घाई नको." हात अलगद खाली आला.

"हुशार गं माझी पोर!" सासऱ्यांचे डोळेच भरून आले. मग ते सचिवांकडे वळले. "बघा, घेतला खाली. आता माघार."

"वहीत नाव चढलं, अध्यक्षमहाराज."

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. "हात बाजूने पूर्ण वर नेताना तळहात का वळवायचा?"

"नाहीतर हाडाला हाड अडतं, सर," ती म्हणाली. आणि मग राहवेना म्हणून, "आणि माणूस अध्यक्ष होतो."