निम्म्या कॅलऱ्या

नोव्हेंबरमधल्या एका मंगळवारी मी जॉगिंग ट्रॅकवर जाळलेल्या तीनशे दहा कॅलऱ्या माझ्यामागून तीन जिने चढून वर आल्या आणि मी कुलूप काढेपर्यंत दाराशी उभ्या राहिल्या.

त्यात नवल नाही. सगळ्यांच्याच येतात. बाकीचे लोक घरी पोचल्याबरोबर त्या खाऊन टाकतात, एवढाच फरक. आमच्या सोसायटीतले काका लोक सकाळी सहाला वॉकला जातात. ट्रॅकला दोन फेऱ्या मारतात, त्यातली एक उभ्याउभ्या राजकारण करण्यात जाते, मग सगळे मिळून मिसळीवर बसतात. प्रत्येकाच्या ऐंशी-ऐंशी कॅलऱ्या बाकाच्या टोकाला अंग चोरून बसलेल्या असतात. जादा पाव येईपर्यंत त्या संपतात, आणि वर आणखी पाचशे जातात, ज्या कुणी जाळलेल्याच नव्हत्या. नंतर हेच लोक गेटपाशी मला शिस्तीचं महत्त्व सांगतात.

"खातोस ना?" कॅलऱ्यांनी दारातच विचारलं.

"नाही. वजन कमी करायचंय. चौऱ्याण्णव किलो आहे."

"मग आम्ही थांबायचं?"

"थांबा."

त्या आत येऊन भिंतीला टेकून बसल्या. दिसायला विशेष नाहीत. उन्हात तापलेल्या डांबरावर हवा हलते तशा, फक्त बसलेल्या. दुसऱ्या दिवशीच्या तीनशे आल्या आणि त्यांच्यातच मिसळल्या. तिसऱ्या दिवशीच्याही. म्हणजे घरात पाहुणा एकच, पण त्याला रोज थोडी जास्त जागा लागायला लागली.

मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. आता नाशकात औषधांच्या एका होलसेलरकडे खोकी भरतो. बरोबरची पोरं पुण्याला गेली. ग्रुपवर वाढदिवसाला केकचं चित्र टाकतात. आई रविवारी फोन करते. वडील चौदा महिने माझ्याशी बोललेले नाहीत. आईच्या मागून मोठ्यानं म्हणतात, "विचार त्याला, अक्कल आली का." ती विचारत नाही. म्हणते, "जेवलास का?" मी हो म्हणतो.

डिसेंबरात नाशिकची थंडी पडली तेव्हा खोली कोमट होती. ओली बनियन मी कॅलऱ्यांच्या शेजारी वाळत घालायचो. संध्याकाळी आल्यावर त्या विचारायच्या, "आज काय झालं?" आज काहीच झालेलं नसायचं. तरी सांगायला बसलं की तासभर जायचा. तो संपला की मी जुनं काढायचो. मॅथ्स थ्रीच्या पेपरला मी नाव आणि सीट नंबर लिहून तीन तास बसून राहिलो होतो, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना सांगितलं.

"मग बाहेर येऊन काय केलंस?"

"वडा खाल्ला."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. अख्ख्या खानदानात हे कुणाला सुचलं नसतं.

त्यानंतर मी रात्रीची पोळीही बंद केली. सगळं नीट चाललंय असं मला वाटत होतं. सहा आठवड्यांत नऊ किलो गेले. मग एक दिवस दुकानात सलाइनचं खोकं उचलताना डोळ्यापुढं अंधार आला आणि मी बसलो तो उठेना. मालकानं ग्लुकोज पाजलं आणि आहारतज्ज्ञाकडं पाठवलं.

संपदा मॅडम माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठ्या असतील. "सोबत आणल्यात?" त्यांनी विचारलं.

"बाहेर बाकावर बसल्यात."

त्यांनी दार किलकिलं करून पाहिलं आणि परत खुर्चीत बसल्या. "सहा आठवड्यांत एकही खाल्ली नाहीस?"

"खाल्ल्या तर वजन उतरणार नाही ना."

"आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ. तुझं दीड उतरतंय. चरबीबरोबर स्नायूही जातोय. केस गळतात?"

"गळतात."

"व्यायामाच्या निम्म्या परत खायच्या. सगळ्या नाही, कारण ही मनगटावरची घड्याळं आकडा वाढवून सांगतात. साठलेल्यांतल्याही निम्म्याच खा, पण एकदम संपवू नकोस, आठ दिवस घे. रात्रीचं जेवण सुरू कर. डाळ, अंडं, भाकरी."

"खाल्लेल्या जातात?"

"हो, खाल्लेल्या जातात." त्यांनी पेन खाली ठेवलं. "घरी कोण असतं तुझ्या?"

"ह्याच."

त्यांनी चिठ्ठीवर निम्म्या असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

मी ती चिठ्ठी पाळणार नव्हतो. पण त्याच आठवड्यात सोसायटीची नोटीस आली. बॅचलर भाडेकरूनं पाहुणा आठ दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, असा आमच्याकडे ठराव आहे. कुटुंबवाल्यांकडे मेव्हणे दोन-दोन वर्षं पडून असतात, ते चालतं. रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग घेतली. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो, कॅलऱ्या माझ्या शेजारच्या खुर्चीवर.

सेक्रेटरी खैरनार काका म्हणाले, "चेतन, पाहुणा कधीपासून आहे?"

"सहा आठवडे."

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं. ताटात पडेल ते खायचो."

"तुमच्या वेळी तुम्हाला वाढायला कुणीतरी होतं, काका."

"तोंड सांभाळ. बापाशी असाच बोलतोस का?"

"त्यांच्याशी बोलतच नाही."

शेजारच्या अमृतकर काकूंनी हात वर केला. "यांच्यामुळं माझ्या बाथरूमची भिंत गरम लागते."

"थंडीत बरंच आहे की ते," कुणीतरी म्हणालं.

"बरं आहे, पण विचारून नाही केलेलं."

मी चिठ्ठी दाखवली. काकांनी चष्मा बदलून ती वाचली आणि मुद्दा सभेपुढं ठेवला: निम्म्या कॅलऱ्या राहिल्या तर तो पाहुणा धरायचा की सामान? पाऊण तास चर्चा झाली. पाहुणा विचारपूस करतो, सामान करत नाही, असं कुणीतरी काढलं. काका कॅलऱ्यांकडं वळले. "तुम्ही विचारपूस करता का?"

"करतो," त्या म्हणाल्या.

"निम्म्या झाल्यावर?"

"तेव्हा कमी होईल."

अकरा विरुद्ध चार मतांनी सामान ठरलं. आठ दिवसांत निम्म्या करा, नाहीतर खोली सोडा. नऊ वाजता सगळे वर आपापल्या जेवणाला गेले. शिट्ट्या होत होत्या, कुकरच्या, एकेका मजल्यावर.

"जिना चढताना तुझे पाय कापतात," कॅलऱ्या म्हणाल्या. "खा."

मी मुगाची डाळ टाकली, दोन अंडी उकडली. ताट घेऊन त्यांच्यासमोर बसलो. पहिल्या घासाला काही झालं नाही. भाकरी संपली तेव्हा त्यांची एक कड भिंतीवरून पुसल्यासारखी झाली होती. आठ दिवस मी रात्री असाच जेवलो. चौथ्या दिवशी चक्कर थांबली. सहाव्या दिवशी मी त्यांच्यापाशी वड्याची गोष्ट काढली, तर त्या म्हणाल्या, "कुठला वडा?"

आठव्या दिवशी खैरनार काका टेप घेऊन आले. त्यांनी कॅलऱ्यांची उंची-रुंदी मोजली, वहीत सामान असं लिहिलं, आणि जाताना खोलीभर नजर फिरवून म्हणाले, "लग्न कर आता."

दार लावून मी ताट वाढून घेतलं. खोली आता एका कोपऱ्यात तेवढी कोमट होती.

"तुझं नाव चेतन," कॅलऱ्या म्हणाल्या. "तेवढं आहे. आडनाव काही आठवत नाही. काय होतं?"

मी भाकरी मोडली.

"असू दे," मी म्हणालो. "नुसतं चेतन म्हणा."