ढाकणे बाईंची हजेरी

सकाळी साडेनऊ वाजता, कॉलेजची पहिली घंटा व्हायच्या आत, ढाकणे बाई पुस्तकांची हजेरी घेत.

मोजणी नव्हे, हजेरी. मोजणी वर्षातून एकदा मार्चमध्ये व्हायची आणि ती सगळेच आळस देत करायचे. हजेरी रोजची होती आणि ती फक्त बाईंची होती. एका दिवशी एक कपाट. कपाटापुढे उभं राहून, पुस्तकाच्या पाठीवर बोट ठेवून, त्या त्याचा दाखल क्रमांक मोठ्याने म्हणत. पुस्तक ग्रंथालयात आलं की मोठ्या नोंदवहीत त्याला मिळतो तो क्रमांक. ‘‘चौदा हजार सहाशे एकोनऐंशी.’’ मग श्वासभर थांबत. ‘‘हं.’’ म्हणजे पुस्तकाने हजेरी दिली. कुणी घरी नेलेलं असलं तर ‘‘रजेवर.’’ आणि एखादं कायमचं हरवलेलं असलं तरी बाई त्याचा क्रमांक गाळत नसत. फक्त तिथे थांबणं जरा लांबायचं.

मी तिथे अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर होते. हुद्दा डिजिटल लायब्ररी असिस्टंट. पुस्तकांना बारकोड चिकटवायचे, त्यांची नोंद सॉफ्टवेअरमध्ये करायची आणि कॉलेजने वर्गणी भरून घेतलेली ई-पुस्तकं मुलांना उघडून दाखवायची. ग्रंथपालाची जागा कित्येक वर्षं रिकामी होती. इतिहासाचे एक सर प्रभारी होते, ते सहीपुरते येत. ढाकणे बाई परिचर, म्हणजे कागदोपत्री शिपाई. बाकी सगळं ग्रंथालय म्हणजे त्याच.

मी नगरची, इंग्रजी माध्यमातली. मराठी आकडे पन्नासच्या पुढे माझ्या हातून निसटतात. बाईंनी हे पहिल्याच आठवड्यात ओळखलं.

‘‘काय गं, एकोनऐंशी म्हंजे किती?’’

‘‘सिक्स्टी नाइन?’’

‘‘धा पुस्तकं गिळलीस की गं उभ्या उभ्या!’’

दिवसाला मी चार वाक्यं बोलत असे. त्यातलं एक ‘गुड मॉर्निंग’ आणि एक ‘येते’. बाईंनी माझं नाव गपगार ठेवलं. ‘‘ए गपगार, च्या घे.’’ कुणी पाहुणा आला की ओळखही तशीच करून देत. ‘‘ह्या आमच्या गपगार म्याडम. कंप्युटरशी बोलत्यात, मानसाशी न्हाई.’’ मी मॉनिटरच्या मागे सरकत असे. मॉनिटर मोठा होता, हे त्या नोकरीतलं सुख.

बाई तिसगावच्या पुढच्या एका वस्तीवरच्या. अंगाने काटक, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, खांद्यावर पुसायचं फडकं. दुपारी नऊ नंबरच्या कपाटाला पाठ टेकून एकट्याच डबा खात. घरी कोण कोण आहे, हे मी विचारलं नाही. मी विचारत नाही.

त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीची चौकशी करायला एकच वाक्य होतं. प्राचार्य परदेशी जाऊन आले. ‘‘जागेवर हायत ना? मग झालं.’’ वाचनालयातला पंखा खडखडायला लागला. ‘‘जागेवर हाय ना? मग झालं.’’ माझ्या आईला डेंग्यू झाला तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. मी ‘‘हो’’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कागदात बांधलेली दोन डाळिंबं होती. कुणी ठेवली, ते कुणी बोललं नाही.

ई-पुस्तकांवर मात्र त्यांचा विश्वास बसला नाही.

‘‘एक लाख? कुठं ठिवली?’’

‘‘सर्व्हरवर.’’

‘‘त्ये कुठं हाय?’’

मलाही माहीत नव्हतं. ‘‘बाहेर,’’ मी म्हटलं.

‘‘म्हंजे जागेवर न्हाईत,’’ बाई म्हणाल्या आणि फडकं झटकून निघून गेल्या.

ऑगस्टमध्ये वर्गणीची फाइल कुठल्यातरी टेबलावर अडकली आणि एका सकाळी पडद्यावर ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं. बाईंनी त्याचा अर्थ विचारला. मी सांगितला. त्यांचा चेहरा एकदम फुलला. ‘‘लाखाची लाख गैरहजर? एका दिसात? आन पालकास्नी कळवलं का?’’ दिवसभर त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ही बातमी देत होत्या.

त्यांची गंमत तिथपर्यंतच टिकली. कॉलेज तपासायला बाहेरून कमिटी येणार होती. कमिटीला दाखवायला ‘डिजिटल हब’ हवं होतं. बारा संगणक, निळ्या खुर्च्या, काचेचं दार. जागा एकच होती, सात ते दहा नंबरच्या कपाटांची. प्रभारी सरांनी मला सांगितलं, गेल्या पाच वर्षांत एकदाही घरी न गेलेल्या पुस्तकांची यादी काढा, त्यांचं निर्लेखन करायचं आहे. यादी निघाली. अठराशे पुस्तकं.

‘‘निर्लेखन म्हंजे?’’ बाईंनी विचारलं.

‘‘नाव कमी करायचं.’’

‘‘पटावरनं?’’

‘‘हो, तसंच.’’

बाई खुर्चीवर बसल्या. वाचकांच्या खुर्चीवर त्यांना बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

‘‘एकदा जरी घरी जाऊन आलं, तर ऱ्हातं?’’

‘‘राहतं.’’

‘‘मग तुझं ते यंत्र मला शिकव.’’

मी शिकवलं. मला वाटलं, मी जेवायला गेले की तेवढीच मदत. माझं लॉगिन, माझा पासवर्ड. एका बोटाने त्या टकटक करायला लागल्या. दोन आठवड्यांनी मी सहज नोंदी चाळल्या तेव्हा कळलं की कॉलेजात अचानक वाचनाची साथ आली आहे. जिमखान्याच्या सरांनी एकट्यांनी लोकरीच्या विणकामावरचं पुस्तक, गुऱ्हाळावरची दोन आणि जर्मन व्याकरणाचे तीन खंड नेले होते आणि दुसऱ्या दिवशी परत केले होते. ते सर ग्रंथालयात फक्त मतदार यादी बघायला आले होते, तेही एकदाच.

‘‘त्यांच्याच नावावर का, बाई?’’

‘‘तब्येत चांगली हाय त्यांची. उचलतील.’’

प्राचार्यांच्या नावावर त्यांनी फक्त कवितासंग्रह घातले होते. ‘‘त्यास्नी गरज हाय,’’ त्या म्हणाल्या.

पुस्तकं जागची हलत नव्हती. हलत होती ती नोंद. मला हे थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही, आणि त्यात धाडस काहीच नव्हतं. मी नुसती गप्प होते. गप्प राहणं मला येतं.

सप्टेंबरमध्ये ग्रंथालयाचा वार्षिक कार्यक्रम झाला. सॉफ्टवेअरने ‘उत्कृष्ट वाचक’ म्हणून जिमखान्याच्या सरांचं नाव काढलं आणि प्रभारी सरांनी ते न वाचता मंचावर वाचून दाखवलं. टाळ्या वाजल्या. शाल, श्रीफळ. आवडत्या पुस्तकाबद्दल दोन शब्द बोला म्हटल्यावर सरांनी घसा साफ केला आणि म्हणाले, ‘‘सगळीच चांगली आहेत.’’ पुन्हा टाळ्या. मला अजून त्याचं नवल वाटतं. त्या सभागृहात निदान त्यांना एकट्यांना तरी माहीत होतं की आपण काही वाचलेलं नाही, आणि त्यांनी शाल नीट घडी करून पिशवीत ठेवली.

बाई शेवटच्या रांगेत उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या. ओठ हलत होते. क्रमांक म्हणत असाव्यात.

आठवड्याने प्राचार्यांनी मला बोलावलं. खोट्या नोंदींचं त्यांना काही नव्हतं. कमिटीला वाचनाचे आकडे फारच आवडले असते. अडचण जागेची होती.

‘‘मॅडम, अठराशेची यादी सातशेवर कशी आली?’’

मी टेबलावरच्या काचेकडे बघत राहिले.

‘‘कपाटं रिकामी झाली नाहीत तर संगणक कुठे मांडायचे? माझ्या डोक्यावर?’’ मग आवाज मऊ करून, ‘‘तुमची ऑर्डर कधीपर्यंत आहे?’’

‘‘नोव्हेंबरअखेर.’’

‘‘काम चांगलं आहे तुमचं. पुढे चालू ठेवायला मला आवडेल. या नोंदी तुम्ही केल्या?’’

तेव्हा मी त्या नोकरीतलं सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात बिनचूक वाक्य बोलले. ‘‘सर, लॉगिन माझं आहे, पण पासवर्ड ढाकणे बाईंनाही माहीत आहे.’’

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. कुणाचं नाव घेऊन मी तक्रार केली नव्हती. घरी जाताना बसमध्ये मी ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा तपासलं आणि प्रत्येक वेळी ते बरोबर निघालं.

बाईंना मेमो नाही, चौकशी नाही. निवृत्तीला वर्ष राहिलेलं, या वयात शिडीवर चढणं बरं नाही, अशी काळजी दाखवून त्यांची मुलींच्या वसतिगृहात बदली झाली. तोंडी. त्यांनी फडकं माझ्या टेबलावर ठेवलं आणि गेल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत, पण रागाने बघितलंही नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

रद्दीचा टेम्पो आला त्या दुपारी मात्र त्या आल्या. बाईंच्या नोंदी रद्द होऊन यादी पुन्हा अठराशेची झाली होती आणि नोंदवहीत त्या क्रमांकांपुढे लाल शाईने ‘निर्लेखित’ लिहायचं काम माझ्याकडे होतं. बाईंनी वही माझ्या हातून काढून घेतली, टेम्पोच्या फाळक्याशी उभ्या राहिल्या आणि गठ्ठा चढण्याआधी एकेका पुस्तकाचा क्रमांक म्हणायला लागल्या. हमाल वैतागले. ड्रायव्हर हसला. ‘‘अहो मावशी, रद्दीला नंबर कशाला?’’

‘‘तुझ्या गाडीला न्हाई का?’’ बाई म्हणाल्या.

हमालांनी पुढचा गठ्ठा उचलला. टेम्पो जायला संध्याकाळ झाली. वही परत मिळाली तेव्हा शेऱ्याच्या रकान्यात एकाही पुस्तकापुढे ‘निर्लेखित’ नव्हतं. पेन्सिलने, मोठ्या ओबडधोबड अक्षरात, पानामागून पान एकच शब्द होता. ‘बाहेरगावी’.

मला ते बाईंचं नेहमीचं विक्षिप्त काहीतरी वाटलं. मी पेन्सिल खोडली आणि लाल शाईने नियमाप्रमाणे लिहिलं. चार दिवस लागले.

हब झालं. कमिटी आली, निळ्या खुर्च्यांवर बसून फोटो काढून गेली. चांगली श्रेणी मिळाली. दिवाळीनंतर मुलं हबमध्ये मोबाइल चार्ज करायला यायला लागली, कारण तिथे प्लग भरपूर होते. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मला कार्यालयातून पाकीट आलं. सगळं आता नीट बसलं आहे, एवढ्या कामाला वेगळा माणूस लागणार नाही, अशा अर्थाचं, आभारासकट.

शेवटच्या दिवशी बाईंचं फडकं द्यायला मी वसतिगृहात गेले. दुसरं काही निमित्त सुचलं नाही. सहाचा सुमार होता. व्हरांड्यात टेबल मांडून बाई मुलींची हजेरी घेत होत्या, त्याच आवाजात. नावं झाली, मुली ताटं वाजवत मेसकडे पळाल्या. बाई उठल्या नाहीत. रिकाम्या व्हरांड्याकडे बघत त्यांनी आणखी एक नाव घेतलं. ‘‘मनीषा.’’ श्वासभर थांबल्या, रकान्यात पेन्सिलीने काही लिहिलं. मी वाकून पाहिलं. ‘बाहेरगावी’.

मी त्यांना पुस्तकांपलीकडचा पहिला प्रश्न विचारला. ‘‘बाई, ही मुलगी गेली ना?’’

‘‘गेली की. आईबापासंगं ऊस तोडायला. दोघी गेल्यात. रेक्टर म्याडम म्हन्ती, नावं कमी करा, खाटा मोकळ्या हुतील.’’ त्यांनी चष्मा पुसला. ‘‘मी बी जायची. दिवाळी झाली की कोपरगावकडं, फडावर. पाच-सा महिनं. वस्तीवरच्या साळंत एकच गुरुजी. समद्या पोरांची नावं कटायची, माझं न्हाई कटलं. सातवी झाले त्याच्यामुळं. लई दिसांनी मला पोरींनी सांगितलं. मी नसताना बी गुरुजी रोज माझं नाव घ्यायचा. हिरा, म्हनायचा. थांबायचा. आन लिहायचा, बाहेरगावी.’’

मेसमधून ताटांचा आवाज येत होता. मला चार दिवसांची लाल शाई आठवली. फडकं मी टेबलावर ठेवलं.

बाई वहीकडेच बघत म्हणाल्या, ‘‘सायबानं तुला इचारलं आसंल त्या दिशी. तुझी बी ऑर्डर संपायला आल्ती. मला ठावं हुतं.’’

मी टेबलावरच्या फडक्याची घडी सारखी केली.

‘‘जागेवर हायस ना?’’

पाकीट माझ्या पर्समध्ये होतं. मी आयुष्यात फार थोडं बोलले आहे, आणि जे बोलले ते बिनचूक असेल याची काळजी घेतली आहे.

‘‘आहे,’’ मी म्हटलं.

‘‘मग झालं,’’ बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेन्सिल पुढच्या ओळीवर नेली.

‘‘कावेरी.’’

व्हरांड्यात कुणी नव्हतं. बाई थांबल्या. मीही थांबले.