सातवा पेला

मैसूनची तपासणी ठरल्यापासून मुख्याध्यापिका इन्साफबाईंना झोप नव्हती. करकच्या डोंगरातल्या त्या शाळेत तपासणी म्हणजे पाहुण्यांना कुठे काही कमी दिसता कामा नये. या वेळी मात्र कमी दिसतं हेच दाखवायचं होतं, आणि ते बाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दहा वर्षांच्या मैसूनला वीतभर अंतरापलीकडचं सगळं धूसर दिसायचं. अक्षरं मोठी करून दाखवणारं यंत्र मंजूर झालं तर ती गावातच शिकणार होती, नाहीतर थेट राजधानी अम्मानचं वसतिगृह. आणि तपासायला येणाऱ्या रोलाबाई वर्षातून एकदाच यायच्या.

रोलाबाईंनी पुस्तक उघडून दिलं. "वाच बाळ."

मैसूनने पुस्तक ऐटीत समोर धरलं आणि धडा घडाघडा म्हटला. दुसरं पान उघडलं, तेही म्हटलं. इन्साफबाईंनी महिनाभर बसून सगळं पुस्तक तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. फळ्यावरच्या गणिताचं उत्तर मागच्या बाकावरून कुजबुजत आलं. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता तर गेल्या वर्षीपासून तिथेच टांगलेला होता, तोही पाठ.

"छान!" रोलाबाई म्हणाल्या आणि कागदावर लिहू लागल्या. "हिला यंत्राची गरज दिसत नाही."

दाराशी बसलेले मैसूनचे आजोबा अबू नायेफ ताडकन उठले. "अहो बाई, पाठ करून घेतलंय हो ते! डॉक्टरांचा कागद बघा की!"

"कागद पाहिला. पण वर्गात मुलीचं काय अडतं, ते मला माझ्या डोळ्यांनी पाहून लिहावं लागतं. इथे तर काहीच अडत नाही."

अबू नायेफ इन्साफबाईंकडे वळले. "कुजबुजून कुजबुजून पोरीचं वाटोळं केलंत! आमच्या घरात असले लाड चालत नाहीत."

"आधी कॉफी घेऊ या," इन्साफबाई घाईने म्हणाल्या. "मैसूनच देईल. किती नीट देते बघा!" त्यांचं दाखवणं अजून संपलं नव्हतं.

मैसूनने किटली उचलली. आवाजावरून पेला किती भरला ते तिला कळायचं, एक थेंब सांडायचा नाही. अबू नायेफनी आपला पेला घेतला आणि तसाच खाली ठेवला. मागणं घेऊन आलेला माणूस शब्द मिळाल्याशिवाय पीत नाही.

"प्या हो अबू नायेफ, तुमचं मागणं दिलं," इन्साफबाई सवयीने बोलून गेल्या.

"तुम्ही काय देणार? यंत्र या बाईंच्या हातात आहे."

रोलाबाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. घोटभर कॉफी संपवून त्यांनी रिकामा पेला पुढे करून हलवला. हलवला म्हणजे पुरे, हे इथे लहान मूलही जाणतं. मैसूनने पेला घेतला, भरला आणि परत दिला.

दिलेली कॉफी ठेवायची कशी? रोलाबाई प्यायल्या. पेला हलवला. मैसूनने भरला.

तिसऱ्या पेल्याला अबू नायेफची मान खाली गेली. नातीला एवढाही रिवाज कळेना, घराण्याची अब्रू चालली होती. चौथ्याला इन्साफबाईंनी मैसूनकडे पाहून डोळे वटारले. पाचव्याला दोन्ही हात हलवले. मैसून शांतपणे ओतत होती. सहाव्याला इन्साफबाई तिच्या कानाशी लागायला उठल्या.

"बसा खाली!" रोलाबाई ओरडल्या. "एक शब्द बोलायचा नाही."

रोलाबाईंनी सहावा पेला संपवला आणि मैसूनच्या समोर, हातभरावर, जोरजोरात हलवला. मैसूनने हसून तो घेतला आणि सातव्यांदा भरला.

रोलाबाईंनी आधीची ओळ खोडली. लिहिता लिहिता त्या मोठ्याने वाचत होत्या, "हातभरावर हलवलेला पेला दिसत नाही. समोरच्याचे हातवारे दिसत नाहीत. स्वतः पाहिलं. यंत्र ताबडतोब द्यावं." मग मान वर केली. "प्या आता, अबू नायेफ. तुमचं काम झालं."

अबू नायेफनी थंड कॉफी एका घोटात संपवली, पेला पुढे करून हलवला आणि म्हणाले, "बस गं पोरी."

मैसूनने किटली तिथेच थांबवली.

रोलाबाईंचं पेन थबकलं. "घरी रोज असंच म्हणता?"

"रोजच. मी म्हणतो, हिचा बाप म्हणतो, आल्यागेल्यालाही आम्ही सांगून ठेवतो, की तोंडाने ‘बस’ म्हणा…" अबू नायेफ मध्येच थांबले. इन्साफबाईंनी ओढणीचं टोक तोंडाशी धरलं.

अबू नायेफनी हातातल्या रिकाम्या पेल्याकडे पाहिलं.

"अजून एक दे," ते म्हणाले.

ती कॉफी पिऊन त्यांनी पेला हलवला, आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. मैसूनने पेला भरला. त्यांनी पुन्हा हलवला. तिने पुन्हा भरला. अबू नायेफ एक शब्द न बोलता पीत राहिले.