पिसांच्या खोळीस अभ्रा नेमिल्याची बखर

श्री ऊबदायिनी प्रसन्न. शके सोळाशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, ते दिवशी या प्रकरणास आरंभ जाहला. स्वामींनी आज्ञा केली की, पिसांच्या खोळीची हकीकत जैसी घडली तैसी लिहावी, त्यावरून लिहितो. इतरांनी तिखटमीठ लावून पुष्कळ सांगितले आहे, ते मनावर घेऊ नये.

राज्य कोणते, हे पुसू नये. राज्याचे उत्तरेस बर्फाची खिंड होती, आणि त्या हिवाळ्यात खिंडीपलीकडून गनीम येणार ऐसी बातमी लागली, आणि तेथे चौकीस कोणी बसावे हा विचार पडला, आणि कोयाजी नाईक विडा उचलून उभे राहिले. कोयाजी म्हणजे महाराजांचे दूधभाऊ. त्यांच्या मातोश्री भागाई दाई, त्यांनी दोघांस एके मांडीवर वाढविले. मागील साली त्या खिंडीत गेलेला जासूद अंथरुणातच गोठलेला सापडला होता, म्हणोन महाराजांचा जीव थाऱ्यावर नव्हता. मग आज्ञा जाहली की, नाइकांस बदकांच्या पोटाखालची लव भरून खोळ शिवावी, गळ्यापर्यंत आत शिरोन निजता येईल ऐसी. लव जमली, साफ जाहली, आणि घोडे अडले ते अभ्र्यापाशी. वरचे कापड कोणते घ्यावे, हे कोणास सुचेना.

जामदारखान्याचे विसापंत जामदार, राज्यातील सारे कापड त्यांचे हाती, त्यांनी ठाणे उलगडिली. मलमल घ्यावी तर लव सुतासुतातून बाहेर येई आणि दरबारात शिंका सुरू होत. शास्त्रीबोवांस अर्धा मंत्र टाकून उठावे लागले. शिडाचे जाड कापड घ्यावे तर त्याच्या भाराने पिसे चेपून पापड होत, आणि पिसे फुगलेली राहिली तरच ऊब, हे तर सर्वांस मान्य. मग राहिली दोन. एक मेणकापड, आणि एक दाट विणीचे रेशीम, मोगरीने कुटून कुंदी केलेले, म्हणजे सूत चपटे होऊन विणीतील भोके पीस न सुटे इतकी बुजलेली. आता या राज्याची चाल ऐसी की, मुलूख पावसाळी, सबब कापडाची पारख पाण्यानेच व्हावी. घंगाळाच्या तोंडावर कापड ताणून बांधावे आणि वर घागर ओतावी, आणि दुपारची नौबत होईतो आत थेंब पडला तर कापड बाद. रेशमातून थेंब पडले. मेणकापडातून काही नाही. विसापंत मिशीवर हात फिरवून बोलिले, "महाराज, यात निजला तो आईच्या पोटात निजला." मग मेणकापड ठरले आणि खोळ शिवोन आली.

दुसरी चाल ऐसी की, अंथरूण कोणास द्यावयाचे तर देणाराने आधी एक रात्र आपण त्यात काढावी. पूर्वी एका राजाने ढेकणांची गादी इनाम दिली, तेव्हापासून ही चाल. मग महाराज गच्चीवर कडाक्याच्या थंडीत खोळीत शिरोन निजले, आणि सकाळी उठोन पाहतात तो आतून ओले. अंगरखा ओला, पिसांचे गोळे जाहलेले, आणि बाहेरून पाहावे तो ठणठणीत कोरडे. हुजरे आले, त्यांनी पाहिले आणि माना खाली घातल्या. एक म्हणाला, दव पडले असेल. दुसरा म्हणाला, गच्चीसच ओल आहे. तिसरा काही न बोलता पंचा घेऊन आला, ते सर्वांत वाईट. विसापंतांनी खोळ उन्हात वाळविली आणि ही गोष्ट भिंतीसही कळो नये म्हणोन ताकीद दिली, त्यामुळे दुपारपर्यंत ती पेठेत आणि पाणवठ्यावर सर्वांस कळली.

महाराजांस पेच पडला. हे आपणाकडून जाहले की कापडाकडून, ते त्यांचे त्यांसच कळेना. वय चाळिशी उलटलेले, छत्रचामराचे धनी, पुसावे तरी कोणास? गप्प राहावे तर अब्रू राहते. परंतु दोष कापडाचा असेल तर कोयाजी बर्फात ओल्या पिसांत निजणार आणि सकाळी उठणार नाही. आणि कूच तर दुसरे दिवशी. ताटावर बसले, तैसेच उठले. मग हात धुवोन दरबार भरविला आणि मसनदीवर न बसता उभ्यानेच बोलिले, "आम्ही खोळीत निजलो, ती आतून ओली जाहली. कशाने, ते आम्हांस ठाऊक नाही. तुम्हांस जे वाटते, ते आम्हांसही वाटले. परंतु नाइकांच्या प्राणाशी गाठ आहे, म्हणोन शोध जाहलाच पाहिजे." लिहिणाराने लढाईतले शूर पुष्कळ पाहिले, ऐसा पाहिला नाही.

तेव्हा भागाई दाई पडद्याआडून उठोन थेट दरबारात आल्या आणि बोलिल्या, "लेकरा, तू खाली बस." मग दरबाराकडे वळोन, "याला मी वाढविले आहे. तिसरे वर्ष लागले आणि याचे अंथरूण कोरडे, ते आजवर. कोयाजीचे मात्र चांगला घोड्यावर बसू लागला तरी चालूच होते."

कोयाजी म्हणाले, "आई, हे दरबारात सांगायचे काय?"

"मग कुठे सांगू? उद्या तू चाललास." ऐसे बोलोन त्यांनी डोळ्यांस पदर लाविला.

आता नाइकांस खोळीत घालून पाहावे, तर त्यांची साक्ष कोण धरणार? मग विसापंत पुढे जाहले. माणूस ताठ्याचा, पण खरा. "कापड आम्ही नेमिले, आम्हीच निजतो," म्हणाले, आणि हौदाशेजारच्या गार तळघरात दिवसाढवळ्या खोळीत शिरले, आणि दरबारी मंडळी भोवती बसली, आणि पंत डोळाही न मिटता सर्वकाळ नाइकांशी बोलत राहिले. दिवस मावळता बाहेर आले तो सदरा अंगास चिकटलेला. पंतांनी सर्वांदेखत हात हुंगून पाहिला आणि बोलिले, "महाराज, भाताच्या तपेल्यावर झाकण ठेविले म्हणजे त्यास आतून पाणी सुटते, ते हेच. अंगाची वाफ बाहेर पडेना. आम्ही वरून पडणारे पाणी पाहिले, माणसाच्या अंगचे विसरलो."

कोयाजी म्हणाले, "खिंडीत तर पाऊस नाहीच. कोरडे बर्फ पडते, झटकले की गेले."

"मग हे आधी का न सांगितले?" महाराजांनी पुसले.

"सांगणार होतो. पण पंत म्हणाले, आईच्या पोटात निजाल. मला वाटले, बरेच असेल."

मग मेणकापड उसवून, थेंब झिरपतो तेथून वाफही जाईल म्हणोन, कुंदीचे रेशीम चढविले, आणि पिसे पिंजून मोकळी केली, आणि कूच एक दिवस पुढे ढकलिले, आणि महाराज चालीप्रमाणे पुन्हा गच्चीवर निजले. सकाळी सारा वाडा काही ना काही काम काढून जिन्यापाशी उभा. महाराजांनी कठड्याशी येऊन खोळ उलटी करून सर्वांस दाखविली. कोरडी होती. मग नाईक ती पाठीस बांधोन खिंडीकडे निघाले आणि हिवाळाभर त्यांचा निरोप आला नाही.

फाल्गुनात बर्फ ढिले जाहले. गनीम आलाच नाही, तो आपल्या घरी शेकोटीपाशी बसून राहिला ऐसे कळले. आणि नाईक आले, रोड जाहलेले, दाढी छातीपर्यंत आलेली, पण आपल्या पायांनी. महाराज वेशीपर्यंत सामोरे गेले, त्यांस पोटाशी धरिले आणि पुसले, "कसा निजलास?"

नाईक मुजरा करून बोलिले, "महाराज, रोज कोरडा उठलो. आईस सांगावे."

मंडळी हसावे की न हसावे ऐशी उभी, तो महाराजच आधी हसले. भागाई मागेच उभ्या होत्या, त्यांनी ऐकले. त्याही हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांचे रडू आवरेना.

ऐसे हे प्रकरण. लव बदकाची, अभ्रा कुंदीच्या रेशमाचा, माणूस घरी आला. लेखणी येथे ठेविली.