पायरीतला सहा

"सहा पडला तर टेकडी आपली," घड्याळजी म्हणाले. "आणि सहा नाही पडला..."

"तर पेटी माळ्यावर," टेलरबाईंनी शिलाई मशीनवरून मान वर न करता नवऱ्याचं वाक्य पुरं केलं. "लिहून दिलंय तुम्ही."

दिलं होतं खरं. बेतायच्या खाकी कागदावर, निळ्या पेन्सिलीने, सहीनिशी: 'बाराव्यांदा हरलो तर फौज पेटीत, पेटी माळ्यावर आणि टेबल कायमचं कटिंगला.' तो कागद टेलरबाईंनी मशीनच्या वर भिंतीला टाचून ठेवला होता आणि येता-जाता त्याच्याकडे त्या अशा बघत, जशी एखादी बाई पाळण्यातल्या लेकराकडे बघते.

टेबल मूळचं त्यांचंच. आठ फुटी, कापड बेतायचं. पण दर दुसऱ्या रविवारी त्यावर वॉटर्लूची लढाई होई. जुन्या उशा घडी करून त्यांच्या टेकड्या, वर टेलरबाईंच्या गाठोड्यातलं हिरवं अस्तर, घड्याळांच्या रिकाम्या खोक्यांची शेतघरं, आणि त्यातून उभे चारशे बारा शिपाई. बोटाच्या पेराएवढे. प्रत्येकाचा कोट घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून, तीन केसांच्या कुंचल्याने रंगवलेला. घड्याळजी ज्याच्या बाजूने लढत त्या फ्रेंच बादशहाच्या खास पथकाला तर प्रत्येकी मिशासुद्धा होत्या. खुद्द बादशहाचं नाक एकदा इस्त्री लागून उडालं होतं, पण तो तसाच ताठ मानेने घोड्यावर बसून होता.

टेलरबाई मशीन चालवताना ओव्या रचत. टेबलावर लढाई असली की ओवीला धार यायची.

"माझ्या टेबलावरी, उभी राहिली गं फौज,
कात्री माझी बसे, कोपऱ्यात रोज रोज..."

"रोज नाही, पंधरा दिवसांतून एकदा," घड्याळजी म्हणाले.

"मांडायला दोन दिवस, लढायला एक, हरल्यावर रुसून तसंच ठेवायला चार. मोजा."

टेबलाच्या पलीकडे इंग्रजांचे सेनापती उभे होते. म्हणजे मास्तर, टेलरबाईंचे थोरले भाऊ. तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. गळ्यात खरीखुरी दुर्बीण. आठ फुटांच्या रणांगणाला दुर्बीण कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणत, "सेनापतीच्या गळ्यात काहीतरी लटकलेलं असावं." अकरा लढाया त्यांनी जिंकल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी चहा पिताना नेमकं कुठे चुकलं ते दाजींना फळ्यावरच्या उदाहरणासारखं समजावून सांगितलं होतं. हरण्यापेक्षा तो चहा घड्याळजींना जड जाई.

म्हणून गेले सहा महिने, प्रत्येक हारेनंतर, त्यांनी वही भरली होती. खऱ्या बादशहाने चिखल वाळायची वाट बघत सकाळ घालवली, या खेपेला घड्याळजींनी ती घालवली नाही. पहाटेच्या डावातच तोफा लावल्या, डाव्या अंगाचं शेतघर सोडून दिलं, आणि आता दुपारी चारच्या सुमाराला खास पथक टेकडीच्या माथ्यावर होतं. समोर इंग्रजांच्या लाल कोटवाल्यांची एकच रांग. सहा पडला तर ती मोडली. न पडला तर पुढच्या खेळीला इंग्रजांच्या मदतीला प्रशियाची फौज येऊन पोचणार आणि सगळं आटोपणार.

"टाका, दाजी," मास्तर म्हणाले. "आणि सहावा नियम लक्षात आहे ना?"

"मीच लिहिलाय."

चौथ्या लढाईत मास्तरांचं कोपर एका फाशाला 'चुकून' लागलं होतं, त्याच संध्याकाळी घड्याळजींनी तो नियम वहीत घातला: 'फासा जिथे थांबेल तिथे खरा. हात लागला तर बाद. दोन्ही सेनापतींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मोजायचा नाही.' मग मास्तरांनी बाजारच्या फाशांवर संशय घेतला, तेव्हा घड्याळजींनी लेथवर पितळेचा फासा घडवला, काट्यावर तोलला, आणि मास्तरांनी तो तीनशे वेळा टाकून, तक्ता मांडून, पास केला. तेव्हापासून या घरात दुसऱ्या फाशाला मान नव्हता.

घड्याळजींनी फासा मुठीत घेतला. सहा महिने मुठीत घेतले. आणि टाकला.

जोर जरा जास्त झाला. फासा टेकडीवर आपटला, शेतघरावरून उडाला, इस्त्रीला टणकन लागला, उजेडासाठी टेलरबाईंनी सताड उघडून ठेवलेल्या दारातून गॅलरीत गेला, आणि कठड्याच्या दोन गजांमधून नाहीसा झाला.

मग खालून आवाज आला, "अहो, वरचे! कुणाचं काय पडलं?"

तिघंही गॅलरीत धावले. दोन मजले खाली, इमारतीच्या दारातली पायरी गवंडी सकाळपासून नव्याने करत होता. ओल्या सिमेंटच्या मधोमध एक पिवळा ठिपका चमकत होता.

"पितळेचं काहीतरी रुतलंय, साहेब. काढू?"

"हात लावू नका!" दोन्ही सेनापती एकदम ओरडले.

"मी खाली जातो," घड्याळजी म्हणाले.

"जिना बंद आहे!" गवंडी म्हणाला. "खालचा टप्पा पण ओला आहे. दोरी बांधलीय. तासाभरानं फळी टाकतो, तोवर कुणी उतरायचं नाही."

"अहो, त्यालाच विचारा ना किती पडलेत," टेलरबाई म्हणाल्या.

"दोन्ही सेनापतींनी स्वतःच्या डोळ्यांनी..."

"मग त्याला सेनापती करा आणि मोकळे व्हा. माझे बँडवाल्यांचे बारा कोट बेतायचे पडलेत. बुधवारी न्यायला येणार आहेत."

घड्याळजींनी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि कठड्यावरून अर्धे बाहेर झुकले. टेलरबाईंनी मागून त्यांच्या सदऱ्याचा घोळ धरला. दोन इंचांवरचं चाक बघायचं ते भिंग, त्यातून दोन मजल्यांखालचं जग डाळ ढवळल्यासारखं दिसलं.

"दाजी," मास्तर शांतपणे म्हणाले, "दुर्बीण कशाला लागते, ते आज कळलं?"

आणि त्यांनी ती डोळ्यांना लावली. बराच वेळ लावून ठेवली. चाक फिरवलं. पुन्हा बघितलं.

"किती? किती?"

"धूसर दिसतंय," मास्तर म्हणाले. "काचा पुसायला हव्यात."

त्यांनी काचा सदऱ्याला पुसल्या. परत डोळ्यांना लावून खाली बघितलं. मग रुमालाने पुसल्या. परत बघितलं. मग म्हणाले, "कापडाचे धागे राहतात," आणि बहिणीकडे मऊ अस्तराचा तुकडा मागितला. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात चष्मा कधी पुसला नव्हता, तो दुर्बिणीच्या काचा देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारख्या पुसत होता. घड्याळजींनी शेवटी ती त्यांच्या गळ्यातून ओढूनच घेतली, त्यामुळे दोघांची डोकी एकमेकांवर आपटली.

पायरी डोळ्यांत आली. सिमेंट आलं. पितळ आलं. एका ओळीत तीन टिंबं. दुसऱ्या ओळीत तीन.

"सहा!"

ती आरोळी बाराव्या लढाईची नव्हती, बाराही लढायांची होती. समोरच्या इमारतीत दोन खिडक्या उघडल्या.

मास्तरांनी दुर्बिणीतून एकदा बघितलं. "सहा. मान्य." मग आत जाऊन त्यांनी लाल कोटवाल्यांची रांग स्वतःच्या बोटाने एकेक करून आडवी केली. टेलरबाईंनी भिंतीवरचा खाकी कागद काढला, चार घड्या घातल्या, आणि टाचण्यांच्या डबीत तळाशी ठेवून दिला. मशीन पुन्हा सुरू झालं, पण ओवी काही आली नाही.

तासाभराने गवंड्याने फळी टाकली तसे घड्याळजी धुतलेला सदरा घालून आपला सहा जवळून बघायला उतरले.

"बघा," गवंडी कौतुकाने म्हणाला, "कसा बसवलाय!"

"बसवलाय?"

"तर काय. एकच टिंब वर होतं, साहेब. नव्या पायरीवर एक टिंब म्हणजे माशी बसल्यासारखं दिसतं. उलटवला. आता कसं भरगच्च! लोक म्हणतील, नक्षी काढलीय."

घड्याळजी फळीवरच थांबले. "मी हात लावू नका म्हणालो होतो!"

"हात कुठे लावला? थापीनं उलटवला."

जिन्याला अडतीस पायऱ्या. पहिल्या दहा पायऱ्या घड्याळजी स्वतःला सांगत राहिले की हे फक्त गवंड्याला ठाऊक आहे, आणि गवंडी उद्या दुसऱ्या कामावर जाईल. पुढच्या दहा चढताना त्यांना वाटलं, अकरा हारांच्या बदल्यात एक खोटी जीत म्हणजे काही फार नाही. मधल्या कठड्याला टेकून ते थांबले. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती, आणि काटे बोटाने सरकवून, वेळ बरोबर दाखवून, एकही घड्याळ गिऱ्हाइकाच्या हातात दिलं नव्हतं. उरलेल्या पायऱ्या ते न थांबता चढले.

"एक होता," दारातूनच म्हणाले.

मशीन थांबलं.

"सहा होता," मास्तर म्हणाले. "तुम्ही पाहिला, मी पाहिला. विषय संपला."

"गवंड्याने उलटवला. आधी एक होता. मी हरलो."

"काही हरला नाहीत! नियमात हात म्हटलंय. थापी म्हणजे काही हात नव्हे."

"असं कसं? थापी म्हणजे..." घड्याळजी थबकले. "मास्तर, थापीचं मी कुठे बोललो?"

मास्तर दुर्बिणीचा पट्टा बोटाला गुंडाळू लागले. तीस वर्षं पोरांच्या चोऱ्या पकडणारा माणूस, स्वतः सापडल्यावर त्याच पोरांसारखा जमिनीकडे बघत होता.

"धूसर-बिसर काही नव्हतं!" घड्याळजी ओरडले. "तुम्ही एक पाहिलात, उलटवताना पाहिलंत, आणि काचा पुसत बसलात!"

"मग काय करू?" मास्तरांचाही आवाज चढला. "पेटी माळ्यावर गेली तर रविवारी मी जायचं कुठे? भिंतीशी लढू?"

"म्हणून मला भीक घातलीत? मागे घ्या ते शब्द! मी हरलो!"

"तुम्ही जिंकलात!"

"हरलो!"

"दादा, ते हरलो म्हणतायत तर हरू दे की त्यांना," टेलरबाई म्हणाल्या. त्या एव्हाना स्टूल घेऊन माळ्याखाली पोचल्या होत्या, आणि चार घड्यांचा कागद पुन्हा बाहेर आला होता.

"नियम वाच आधी," मास्तर म्हणाले. "नियमानंच होऊ दे."

टेलरबाईंनी वही घेतली. काम कुणाचंही असो, माप चुकवून कात्री चालवणं त्यांना ठाऊक नव्हतं. सहावा नियम त्यांनी मोठ्याने वाचला, मग मनात वाचला, मग उसासा सोडला.

"एक पडला, तो एकट्या दादाने पाहिला. म्हणजे मोजायचा नाही. सहा दोघांनी पाहिला, पण तो फासा थांबल्यावर उलटवलेला. हात काय, थापी काय आणि चिमटा काय, सगळं एकच. म्हणजे तोही बाद. परत टाका आणि मिटवा एकदाचं." त्यांनी तळवा पुढे केला. "आणा, कुठाय फासा?"

दोन्ही सेनापतींनी दाराकडे बघितलं. मग तिघंही हळूहळू गॅलरीत गेले.

"अहो मिस्त्री!" टेलरबाईंनी गवंड्याला हाक मारली. "तो पिवळा तुकडा जरा काढून द्या हो!"

"आता?" गवंडी हत्यारं धूत होता. "ताई, सिमेंटचा माल घट्ट धरला. आता काढला तर पायरी फुटली म्हणून समजा. रोज पाणी घाला, एकवीस दिवसांनी मी येऊन छिन्नीनं अलगद काढून देतो."

"एकवीस दिवस! अहो, दुसरा फासा घ्या!"

"चालणार नाही," दोन्ही सेनापती म्हणाले. बारा लढायांत त्यांचं एकमत झालं ते आजच, आणि तेही दुसऱ्यांदा.

"मग ते शिपाई तरी उचला!"

"अर्धी लढाई हलवायची नाही," घड्याळजी हळूच म्हणाले. "तिसरा नियम."

टेलरबाईंनी आठ फुटी टेबलाकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या बारा कोटांच्या कापडाकडे, मग स्वतःच्या हातातल्या वहीकडे. निकाल त्यांनीच दिला होता. वही मिटून त्यांनी मोठी कात्री उचलली. दोन्ही सेनापती एक पाऊल मागे सरले.

"खाली बसा," त्या म्हणाल्या. "दोघंही."

लालभडक कापड जमिनीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उलगडत गेलं. "दादा, ते टोक धर. अहो, तुम्ही हे. कापड हललं तर बघा." मास्तरांचे गुडघे कडकड वाजले. घड्याळजी ओणवे होऊन दोन्ही तळव्यांनी कापड दाबून राहिले. बारा लाल कोट, चोवीस बाह्या. कात्री चालू लागली.

"हे लाल कोटवाले कुणाच्या बाजूचे?" बऱ्याच वेळाने घड्याळजींनी विचारलं.

"माझ्या," टेलरबाई म्हणाल्या. "हात सरळ ठेवा."

आता रोज सकाळ-संध्याकाळ घड्याळजी मगभर पाणी घेऊन अडतीस पायऱ्या उतरतात आणि दारातल्या पायरीवर बेताने ओततात. मास्तरही न चुकता येतात, फाशाला कुणी हात लावत नाही ना ते बघायला, आणि आलेच आहेत म्हणून वर जाऊन कापडाची टोकं धरतात. पाणी ओघळलं की पितळ लखलखतं, तीन टिंबं इकडे, तीन तिकडे. घड्याळजी वाकून मोजतात. रोज सहा पडतो. आणि वरच्या गॅलरीतून, मशीनच्या तालावर, ओवी उतरत येते:

"पायरीला पाणी, घालितो माझा राजा,
सहाचा गं फासा, राखितो भाऊ माझा..."