नागोरावांच्या मच्छरदाण्या

नागोराव शिंपी माणसाचं माप घ्यायच्या आधी त्याच्या पलंगाचं माप घेत.

मी बोरीला पोस्टमास्तर म्हणून बदलून गेलो, त्याच संध्याकाळी मला हे कळलं. टेंपोतून उतरवलेल्या सामानात आम्ही नवराबायको चहाचं पातेलं शोधत होतो. तेवढ्यात एक उंच, वाळका, पन्नाशी ओलांडलेला माणूस गळ्यात टेप अडकवून आत आला. आमच्याकडे ढुंकूनही न बघता तो सरळ पलंगापाशी गेला. लांबी घेतली, रुंदी घेतली, पलंगावर उभं राहून वरचं आढं किती उंच आहे ते पाहिलं आणि कानावरची पेन्सिल काढून सगळे आकडे तळहातावर लिहिले. मग माझ्याकडे वळला.

"तुमी अंगानं किरकोळ, पर पाय लय लांब हायत. सा इंच वाढवून घेतो."

शैलाला, म्हणजे माझ्या बायकोला, वाटलं, घरमालकानं सुतार पाठवला. तिनं तसं विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं की आपण समोरचे शिंपी, नाव नागोराव, आणि बोरीत राहायचं तर कपडे मागाहून शिवले तरी चालतात, मच्छरदाणी आधी लागते.

तिसऱ्या दिवशी मच्छरदाणी आली. जाळी पांढरी, पण खालची चारी बाजूंची पट्टी दुकानातल्या उरल्यासुरल्या कापडांची. आमच्या वाट्याला एका बाजूला शाळेच्या चड्डीचं खाकी कापड आलं होतं आणि दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी लग्नातल्या ब्लाउजचा गुलाबी तुकडा. ही जाड पट्टी गादीखाली खोचण्यासाठी असे. नागोरावांच्या मते जगात दोन प्रकारची माणसं होती, मच्छरदाणी लटकावणारी आणि मच्छरदाणी खोचणारी. पहिल्या प्रकारच्या माणसांबद्दल ते फार वाईट बोलत. "नुसती लटकावली की मच्छराला मांडव घातल्यावानी होतंय," म्हणत.

त्यामुळे गावात त्यांचा रामराम वेगळाच होता. दिवेलागणीला गल्लीतून जाताना ते प्रत्येक दारात थांबत आणि विचारत, "खोचली का?" आतून "खोचली" असं आलं की पुढे. उत्तर यायला उशीर झाला तर चपला काढून थेट आत. एकदा सरपंचांकडे सोयरीक जमवायला पाहुणे बसले होते. नागोराव आत शिरले, पाहुण्यांच्या मधून वाट काढत पलंगाशी गेले, गादी उचलून जाळी खोचली आणि निघून गेले. पाहुण्यांना वाटलं हा मुलीचा मामा असावा. सोयरीक जमली, आणि पुढे लग्नात नागोरावांना मामाचा फेटाही बांधावा लागला.

लग्नात आहेर म्हणून ते मच्छरदाणीच देत. तेवढ्यावर भागत नसे. सेलूला त्यांच्या भाचीच्या लग्नात त्यांनी आहेर खोलून मांडवाच्या चार खांबांना बांधला, नवरानवरीला आत बसवलं आणि पट्टी कशी खोचायची ते जमलेल्या मंडळींना दाखवलं. भाची लाजून चूर झाली. जावई मात्र आतून हात जोडून म्हणाला, "मामा, आता सोडा, पंगत बसायलीय."

असा हा माणूस मच्छरदाणीला औषध लावायच्या गोष्टीवर मात्र भडकला होता.

नव्वदच्या आसपासची ही गोष्ट. आमच्याकडे मोरे नावाचे आरोग्यसेवक सायकलवरून गावोगाव फिरत. तापाच्या माणसाच्या बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या, हे त्यांचं काम. गाव त्यांना 'मलेरियावाले' म्हणायचं. त्यांनी एक दिवस दुकानात येऊन सांगितलं की वरून औषध आलंय, सगळ्या मच्छरदाण्या त्यात बुडवून घ्यायच्या आहेत. नागोरावांना हा आपल्या शिलाईवरचा आरोप वाटला. माझ्या जाळीतून मच्छर आत जातो का, असं त्यांनी खडसावून विचारलं. मोरे शांत माणूस. त्यांनी नागोरावांचं कोपर धरून उजेडात आणलं. कोपरावर तांबडे फोड होते.

"हे कुठून आले, काका?"

नागोरावांनी कोपर मागे ओढून घेतलं. झोपेत कोपर जाळीला टेकतं आणि मच्छर बाहेर बसूनच चावतो, हे त्यांना वर्षानुवर्षं ठाऊक होतं, पण त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. मग मोऱ्यांनी समजावलं. औषध लावलेल्या जाळीवर मच्छर टेकला की मरतो. जाळीला एखादं बारीक भोक पडलेलं असलं तरी तो आत शिरण्याआधी बहुतेकदा संपतो. आणि गल्लीतल्या बहुतेक घरांत अशा जाळ्या लागल्या की मच्छरच कमी होतात, म्हणजे ज्याच्याकडे जाळी नाही त्याचंही थोडंफार भलं होतं.

नागोरावांनी आधी फक्त स्वतःची जाळी बुडवून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोस्टात आले आणि तिकिटांच्या खिडकीतून एक काडेपेटी आत सरकवली. मी उघडली. आत सात मेलेले मच्छर ओळीनं मांडलेले होते.

"बाहेर पडले व्हते. जमिनीवर," ते हलक्या आवाजात म्हणाले. "आत एक बी न्हाई."

ती काडेपेटी आठवडाभर गावात फिरली. एसटीच्या थांब्यावर, चक्कीवर, शाळेत. चहा पिणाऱ्यांच्या पुढ्यात ती अचानक उघडली जाई, म्हणून हॉटेलवाल्यानं त्यांना बंदी घातली.

पुढच्या आठवड्यात मारुतीच्या पारावर सगळ्या गावाच्या मच्छरदाण्या गोळा झाल्या. मोरे रबरी हातमोजे घालून घमेल्यात औषध कालवत होते आणि नागोराव मुकादमासारखे उभे होते. जाळी पिळायची किती, वाळवायची कुठं, सगळं त्यांनी पाठ केलं होतं. उन्हात टाकायची नाही, सावलीत चटईवर आडवी. उरलेलं पाणी ओढ्यात ओतायचं नाही, मासे मरतात. आमच्या शेजारच्या गयाबाई, सत्तरीच्या, जिभेच्या फटकळ. त्यांनी आपली जाळी घरी नेली आणि वास येतो म्हणून दुसऱ्याच दिवशी सोड्याच्या पाण्यात भिजवून दगडावर आपटून धुतली. नागोरावांना कळलं तेव्हा ते गयाबाईंच्या ओट्यावर येऊन बसले आणि कपाळाला हात लावून घटकाभर उठलेच नाहीत. येणारेजाणारे, कोण गेलं म्हणून विचारायला लागले. शेवटी गयाबाईच वरमल्या आणि ओली जाळी घेऊन पुन्हा मोऱ्यांना शोधत निघाल्या.

त्याच पावसाळ्यात शैलाला दिवस गेलेले होते. अंबाजोगाईची ती, माहेरी गच्चीवर मोकळ्या हवेत झोपायची सवय. जाळीत तिचा जीव कोंडायचा. त्यात वीज जायची. मी झोपलो की ती गुपचूप जाळी वर टाकून द्यायची. त्या दिवसांत गल्लीच्या पलीकडच्या टोकाला थंडीतापाची साथ सुरू झाली होती. पोटुशी बाईला हा ताप आला तर तिचे आणि पोटातल्या जिवाचेही हाल होतात, असं मोरे बजावून गेले होते. मी रागावलो, ती रडली, दोन दिवस आम्ही बोललो नाही.

नागोरावांना हे कसं कळलं कोण जाणे. ते आले, आणि यावेळी पलंगाकडे न जाता शैलासमोर जमिनीवर बसले. कुठं कोंडल्यासारखं होतं, डोक्याशी की पायाशी, असं त्यांनी डॉक्टरांसारखं विचारलं. मग आमची जाळी उतरवून घेऊन गेले आणि त्याच दिवशी परत आणली. वर हातभर उंची वाढवली होती, चहूबाजूंनी घेर वाढवला होता. आता जाळी अंगापासून लांब राहायची आणि आत बसून पुस्तकही वाचता यायचं. नवीन जोडलेल्या कापडाला औषध लागावं म्हणून मोऱ्यांकडून ती पुन्हा बुडवूनही आणली होती.

"सूनबाई, हे घर हाय असं समजा. घरात घर," ते म्हणाले. "दोन महिन्यांचाच सवाल हाय."

शैला त्या रात्रीपासून जाळीत झोपली. साथ आमच्या दारावरून गेली. दसऱ्याच्या आगेमागे आम्हाला मुलगी झाली, चांगली गुटगुटीत, आणि तिचं रडणं ऐकून नागोरावांनी दुकानातलं मशीन थांबवलं, असं गयाबाईंनी मला सांगितलं.

दिवाळी झाली आणि एक दिवस दिवेलागणीला गल्लीतून "खोचली का?" ऐकू आलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शैला म्हणाली, जरा बघून या. दुकानाची फळी लोटलेली होती. मागच्या खोलीत, जिथं मी कधीच गेलो नव्हतो, नागोराव दोन गोधड्या पांघरून कुडकुडत पडले होते. दात वाजत होते. त्यांच्या बाजेवर मच्छरदाणी नव्हती.

मोऱ्यांना बोलावलं. त्यांनी रक्त घेतलं, गोळ्या दिल्या आणि मग तोंड उघडलं. गावच्या वेशीवर रस्त्याच्या कामावर आलेल्या मजुरांची पालं पडली होती. त्यात एक बाई दिवस भरलेली. नागोरावांनी स्वतःची औषध लावलेली जाळी तिच्या पालात बांधून दिली होती. दुसरी शिवायला जाळीचं कापड नव्हतं. ते परभणीहून यायचं, आणि विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनामुळे गाड्या कधी चालू, कधी बंद. ती बाई बाळंत झाली होती, दोघंही सुखरूप होती. मोऱ्यांना हे ठाऊक होतं, पण कुणाला सांगायचं नाही म्हणून काकांनी शपथ घातली होती.

त्यानंतर त्या खोलीत माणसांची रीघ लागली. बसायला जागा नव्हती. एकच खुर्ची, तिच्यावर कापडांचे गठ्ठे. एक ताट, एक तांब्या, एक पेला. गयाबाईंनी गठ्ठे उचलून कोपऱ्यात रचले आणि दोन वेळा पेज आणू लागल्या. सरपंचांच्या घरून पाट आला, चक्कीवाल्यानं घडवंची आणून टाकली.

चौथ्या दिवशी ताप उतरला. मी सकाळी गेलो तर नागोराव भिंतीला टेकून बसले होते आणि जरा घाबरल्यासारखे सगळ्यांकडे बघत होते. काही हवंय का, विचारलं. त्यांनी मान हलवली. गयाबाई भांडं धुवायला बाहेर गेल्यावर ते म्हणाले, "बायको जाऊन लय वर्षं झाली. ह्या खोलीत मशिनीबिगर आवाज न्हवता."

तुम्ही तर रोज गावभर फिरता, सगळ्यांच्या घरात जाता, असं काहीतरी मी म्हणालो.

"जातो की," ते म्हणाले. "पर बिनकामाचं कुनाच्या घरी जावं कसं, पोष्टमास्तर? कायतरी काम लागतंय."

शैला आली होती. तिनं हे ऐकलं. तिनं कुशीतली मुलगी त्यांच्या शेजारी बाजेवर ठेवली आणि साखरेचा डबा कुठं आहे हेही न विचारता चहा ठेवायला चुलीकडे गेली. बाळाला जागा व्हावी म्हणून नागोराव अंग चोरून भिंतीला आणखी चिकटले. मुलीनं त्यांचं बोट पकडलं, तसे ते हलायचेच थांबले.

टपालाची गाडी यायची वेळ झाली होती. मी उठायला लागलो.

"गाडी रोजच लेट असती," नागोराव बाळाकडे बघत म्हणाले. "बसा की जरा."

मी बसलो.